उतरलो म्हणल्याबिगर

—न्हाई न्हाई, फोटो नका काढू माझा. पेपरवाले तुम्ही, मंत्रीसाहेबाचं इचारायला आलात ना, मंग तेवढंच इचारा. बसा. ऊर्जामंत्री झाले आमचे अंगदसाहेब, चांगलं झालं — पन थकलो आता, कशाचं काही वाटत न्हाई. हो, इथंच टेंभुर्णीच्या सबस्टेशनला होते, नवे इंजिनेर. मी ऑपरेटर, लाइन बंद-चालू करनारा. मंग नोकरी सोडून दिल्लीला गेले, शिकले, विजेतले मोठे जाणकार झाले, सरकार त्याइलाच सल्ला मागायचं, अन् शेवटी सरकारातच घेतलं. लिहिलं? झालं मंग.

नोकरी का सोडली? ते तुमच्याच पेपरात येऊन राह्यलंय की — साहेबांच्या हलगर्जीनं खांबावर माणूस मेला म्हणून. तो माणूस माझा भाऊ. धाकटा, कल्याण. लाइनमन होता. तुम्हाला ठाऊक न्हवतं? आमची रीत अशी — लाइन बंद करून घ्यायची, वर चढायचं, काम झालं की खाली येऊन फोन करायचा, 'उतरलो.' मंगच लाइन चालू. त्या दिवशी एकाच लाइनीवर दोघं चढल्ते. रामकिसनचा फोन आला, उतरलो. इकडं गावातून फोनावर फोन, गव्हाला पाणी द्यायचंय, लाइट सोडा, आईबहिणीवरून शिव्या. कल्याण अजून वर हाय हे ध्यानातूनच गेलं — सख्खा भाऊ, अन् ध्यानातून गेलं! सोडली लाइन... म्हणजे, साहेबांनीच सांगितलं सोडायला. चौकशीत तसं लिहून दिलं त्याइनी, 'माझ्या हुकमानं सोडली' म्हणून. साहेब कुठं होते? जाफराबादला, मीटिंगला. फोनवर? ...न्हाई. फोन न्हवता आल्ता. जाऊ द्या, तोंडातून गेलंच आता. साहेबच मला म्हणले, मच्छिंद्र, तुझी नोकरी गेली तर कल्याणची लेकरं कोण पाहील? मी 'बरं' म्हणलो. बावीस वर्सं झाली त्याला.

लेकरं शिकली. कल्याणची बायको सत्यशीला इथंच असती, दादा दादा करती, मला वाढल्याबिगर घास खात न्हाई. अन् टीव्हीवर साहेब दिसले की तळतळाट देती, बंद करती. आता त्याइचं मंत्रिपद जाऊन राह्यलं म्हणे. मी बोललो तर वाचतं. पन मंग ही बाई माझ्याकडं पाहील का हो पुन्हा? लिहा तुम्ही... न्हाई, नका लिहू. लई उबगलो बघा ह्याला —

कोण? सत्यशीला? कवाची उभी हायेस दारात? चहा... ठेव तिथं. अगं —

पेपरवाले, निघा तुम्ही आता.