सतरा नंबरचा पंखा

नाही, तसाच नवा देतो ना, माझं काय जातंय — पण आधी बोटीचा हा वाकलेला पंखा इकडे द्या, बघू. दगडावर घातलीत बोट? ओंडका होता — बरं, ओंडका म्हणू. तीन पाती, तिन्ही गेली, एखादं तरी सोडायचं. हे बघा, मधे आकडा कोरलाय, एकवीस. म्हणजे एका फेऱ्यात हा पंखा बोटीला एकवीस इंच पुढे न्यायला बघतो. मोठा आकडा, मोठा वेग — येणारा प्रत्येक जण एकवीसच मागतो. पण तुम्ही बोटीमागे दोर बांधून पाण्यावर स्की करता म्हणालात. दोराला कोण असतं? मिसेस. आणि पाण्यातून उभ्या राहतात? नाही राहत. हातात जोर नाही. हे त्या म्हणतात की तुम्ही? — असू द्या, उत्तर नका देऊ.

सायकल चढावर वरच्या गिअरला टाकून बघा एकदा. पडल्यावर वेगाचं काय करायचंय? तसंच आहे हे. बाई पाण्यात उकिडवी बसलेली, तिला पहिल्या दोन-तीन सेकंदांत वर खेचायला हवी — आणि एकवीसचा पंखा तेव्हा नुसता ओढत बसतो, रडतखडत. ती पाणी गिळते, हात सुटतात, आणि आपण वळून म्हणतो, जोर लाव. हा काउंटरवरचा न्या, सतराचा. एकच राहिलाय. वेग थोडा कमी मिळेल, पण उभ्या राहतील. हसू नका, मी लिहून देतो.

तो भिंतीवरचा? तो विकायचा नाही. आमचा पहिला आहे. जरा जवळ या — मागे घरघर चाललीय ना, ती आमची ही, मशीनवर पाती घासतेय, तोवर सांगून टाकतो. तोही एकवीसच. समोरच्या धक्क्यावर एक जण होता, त्याच्याकडे एकोणीस, म्हणून मी एकवीस लावला. दुसरं कारण नाही. हिने दोन उन्हाळे प्रयत्न केला. नाकातोंडात पाणी, डोळे लाल, तरी म्हणायची अजून एकदा. शेवटी मीच म्हटलं, तुझ्या गुडघ्यांतच दम नाही, हे सगळ्यांचं काम नव्हे. तिने ऐकलं. माझं ऐकते ती, हाच घोटाळा. तेव्हापासून तेरा वर्षं बोटीत मागे तोंड करून बसते आणि दुसरं कुणी उभं राहिलं की हात वर करते. जिना चढताना कठडा धरते, लोकांना सांगते, माझे गुडघे जन्माचेच कच्चे. पुढे ती बोट मी विकली, दुसरी घेतली. घेणाऱ्याने पंखा बदलला, सतराचा लावला, आणि त्याची सासू — बासष्टची बाई, चष्म्याला दोरी बांधलेली — पहिल्या झटक्यात उभी. मी धक्क्यावरच होतो. लाज वाटली हो, खरंच. घरी आलो, हिने विचारलं, कशी चाललीय आपली बोट? म्हटलं, तशीच, जड. आणि हा पंखा त्याच्याकडून परत आणून भिंतीला टांगला. आठवण म्हणून, असं तिला सांगितलं. दर आठवड्याला पुसते ती त्याला.

काय बघताय मागे? — मशीन कधी थांबली? मघाशीच? मघाशी म्हणजे केव्हा, सासूच्या आधी की नंतर? सांगायचं तरी. — अगं, ये ना. हे गिऱ्हाईक. काही नाही, पंख्याचंच चाललं होतं. तो भिंतीवरून कशाला काढतेस, जड आहे, मी काढतो — बरं. आकडा बारीक आहे, चष्मा लागेल. हा माझा घे. हो. एकवीस.

अगं, तो सतराचा यांना द्यायचाय — बरं. दोर खुंटीला आहे. पाना खालच्या ड्रॉवरमध्ये. पाणी गार असेल आत्ता, एवढंच म्हणतोय. नाही, गुडघ्यांचं काही म्हणत नाहीये मी.

साहेब, सतराचा आज नाही मिळायचा. सोमवारी या. दुकान बंद करतोय, शटर ओढायचंय, तुमचा वाकलेला उचला. आणि तोवर घरी यातलं काही बोलू नका — नाही, बोला. आजच बोला. मशीनबिशीन काही चालू नसताना.