प्रफुल्लदादाची बनियन

बोईसरला दांडीच्या बसच्या रांगेत राजनंदिनीच्या पुढे दोन मासळीवाल्या रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. दांडीत गावचा रेडिओ सुरू करून स्वतःच त्यावर बोलणारे प्रफुल्लदादा परवा वारले, त्याचंच बोलणं चाललं होतं.

"आता हवा कोन सांगनार, जमने?"

"फोनवर दिसते की."

"फोनला काय कळतंय! दादा खिडकीत बनियन वाळत घालायचा नि रेडिओवर सांगायचा, 'बायांनो, बनियन अजून ओली हाय, बोंबील घालू नका.' कदी बोंबील नासले नाय."

"एकदा नासलेले."

"तवा वैनीनं बनियनला इस्त्री फिरवलेली. त्यात दादाची काय चूक?"

"ते बी खरं हाय."

"म्हनून काल भेटाया गेले, तवा वैनीकडं बनियनच मागितली."

"अगं बाय! दिली?"

"रडत रडत दिली. भोकं पडलीत, पन रेडिओवालीच हाय. आमच्या बोंबलांच्या बांबूवर टांगलीय."

राजनंदिनीचे पापड इथे बोईसरलाच घराच्या गच्चीवर वाळत होते. तिला राहवेना.

"मावशी, आज सकाळी वाळली होती का हो?"

"नाय गं. ओलीकच्च हाय."

समोर दांडीची बस लागली. राजनंदिनी रांग सोडून घराकडे पळत सुटली.