मास्तरांचं भूत

वहिनी : अहो भाऊजी, चहाचं पाणी झालं. हे गेल्यापासून आज पहिल्यांदा आलात. बोला ना.

मित्र : मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेला दोष खरा निघाला, वहिनी. परवा मी तो दुरुस्त केला.

वहिनी : तोच? ज्याला ऑफिसात सगळे ह्यांच्यावरून ‘मास्तरांचं भूत’ म्हणायचे?

मित्र : तोच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यातला. दोन कामं एकच मेमरी वापरतात आणि नेमकी एकाच क्षणी सोडतात. प्रत्येकाला वाटतं, दुसरं ती मोकळी करेल. कुणीच करत नाही. लाखात एखाद्या वेळी होतं, पण साचत जातं आणि एक दिवस मशीन ठप्प.

वहिनी : माहितीये मला. फ्रिजशेजारी मशीन मांडलं होतं ह्यांनी. म्हणाले, अकरा दिवस सलग चालू दे, बाराव्या दिवशी ते ठप्प होईल, मग सगळ्यांची तोंडं बंद करतो.

मित्र : तो पुरावा आलाच नाही. मग मीच शेरा मारला, ‘दोष सिद्ध झाला नाही, तक्रार बंद.’ त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

वहिनी : मशीन मी बंद केलं, भाऊजी. नवव्या दिवशी. त्या घरघरीनं डोकं उठलं होतं माझं.

मित्र : तुम्ही? ते तर म्हणाले, वायरीत माझाच पाय अडकला.

वहिनी : असं सांगितलं?

मित्र : भर मीटिंगमध्ये. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त.

वहिनी : मला एका शब्दानं बोलले नाहीत हो. ‘असू दे, पुन्हा लावू,’ म्हणाले. मग दवाखानाच मागे लागला. राहूनच गेलं.

मित्र : फार वाईट वागलो मी, वहिनी.

वहिनी : रडू नका. तुम्ही रडलात तर मला आवरायचं नाही.

मित्र : दुरुस्तीसोबत एक ओळ जाते. दोष कुणी शोधला, त्याचं नाव. ती कायम राहते, जगात कुणालाही वाचता येते. मास्तरांचं नाव घालू ना?

वहिनी : विचारता काय? पूर्ण नाव घाला.

मित्र : नावापुढे ईमेल लागतो. त्यांचा ऑफिसनं बंद केलाय.

वहिनी : मग माझा घाला. कुणी शाबासकी लिहिलीच, तर ती वाचायला घरात कुणीतरी हवं.