तोकुजी न्हाव्याची पहिली बैठक

(रविवार, दुपारचे पावणेदोन. गावच्या सभागृहाचा जिना.)

सुमिए : अहो, खाली त्या बाईला तुम्ही नक्की काय विचारलंत?

तोकुजी : दोनची बैठक कुठे आहे, एवढंच.

सुमिए : कसली बैठक, ते?

तोकुजी : तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सुमिए : म्हणूनच दहा मिनिटं आपण आजीबाईंच्या गायनवर्गात बसलो.

तोकुजी : बऱ्या गात होत्या.

सुमिए : तुम्हीही गायलात.

तोकुजी : हातात कागद दिला, मग काय करणार? आणि तू का गप्प बसलीस? चार महिने येतेस, तुला खोली ठाऊक होती.

सुमिए : होती. तुमच्या तोंडून ‘दारूमुक्ती मंडळ’ कधी निघतं, ते बघत होते.

तोकुजी : मला म्हणायचीस, फुलांच्या रचनेचा वर्ग आहे.

सुमिए : आणि तुम्ही विश्वास ठेवलात.

तोकुजी : चार महिन्यांत घरात एक फूल आलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. अकरा दिवस झाले, थेंब घेतलेला नाही मी. त्याचं काही कौतुक?

सुमिए : आहे की. सदऱ्याला इस्त्री कुणी केली? आणि या बोचक्यात काय आहे?

तोकुजी : पहिल्यांदा कुणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं जातात का? स्टेशनजवळच्या जुन्या दुकानातून आणलंय. चांगल्यातलं.

सुमिए : सोडा बघू गाठ. अहो, हे नाराझुके आहे.

तोकुजी : हो, काकडीचं लोणचं.

सुमिए : साकेच्या चोथ्यात दोन वर्षं मुरलेलं. चार फोडी खाल्ल्या की माझ्या आईचे कान लाल व्हायचे.

तोकुजी : पेल्यात ओततात ती दारू. हे ताटात वाढतात.

सुमिए : दारूमुक्ती मंडळाला दारूतलं लोणचं. तोकुजी न्हाव्याकडून सप्रेम भेट.

तोकुजी : हसू नकोस गं. खरंच लक्षात आलं नाही. चल, परत जाऊ. पुढच्या रविवारी बिस्किटं घेऊन येऊ.

सुमिए : बिस्किटांची वाट कुणी बघत नाहीये. खरं सांगितल्यापासून तीनदा बोलावलं मी तुम्हाला, चौथ्यांदा नाही बोलावणार. आज दारातून फिरलात तर मी एकटी आत जाईन आणि इथून तशीच मात्सुएला, बहिणीकडे.

तोकुजी : किती दिवसांसाठी?

सुमिए : दिवस नाही ठरवले.

तोकुजी : थांब, काचेतून तरी बघू दे. तो पाठमोरा, डोक्यावर दोन भोवरेवाला... कुकी टोफूवाला ना?

सुमिए : इथलं बाहेर बोलायचं नसतं.

तोकुजी : अजून बाहेरच आहोत आपण. मला म्हणतो, रविवारी गळ टाकून बसतो. आणि ती बारीक मान, ती तर पोस्टातली.

सुमिए : माणसांना तोंडावरून ओळखत जा कधीतरी.

ओनोदेरा : कोण आहे दारात? वहिनी, या. आज जोडीनं? या या, तोकुजी सान. चपला इथे काढा.

तोकुजी : ओनोदेरा सान, तुम्हीसुद्धा? वर्ष झालं, दुकानात फिरकला नाहीत.

ओनोदेरा : शेवटचा आलो होतो ते आठवतंय?

तोकुजी : नाही बुवा.

ओनोदेरा : या कानाला तीन टाके पडले.

तोकुजी : माझ्या हातून?

ओनोदेरा : गोष्ट इतकी रंगवून सांगत होता की मीही वेळेवर ओरडलो नाही. हल्ली पलीकडच्या गावात जातो. तो कान सोडतो, पण निम्मे केसही सोडतो.

सुमिए : ओनोदेरा सान, हे बोचकं आत न्यायचं नाही. नाराझुके आहे.

ओनोदेरा : असू दे. गेल्या वर्षी एकानं दारू भरलेली चॉकलेटं आणली होती. डॉक्टर होता. मी हे खाली गाणाऱ्या आज्यांना देऊन येतो, खूश होतील.

तोकुजी : आधी मला सांगा, आत करायचं काय असतं?

ओनोदेरा : नाव सांगायचं. मग जे झालं ते. मध्ये कुणी बोलत नाही, नंतर कुणी उत्तर देत नाही.

तोकुजी : बायको बोलली तरी?

ओनोदेरा : तरी.

तोकुजी : आणि घरी गेल्यावर?

ओनोदेरा : घरी गेल्यावरही नाही. तो नियम सगळ्यात जड जातो.

तोकुजी : माझ्या बोलण्याचं काही नाही हो, दिवसभर तेच करतो. पण ही काय बोलेल...

सुमिए : मग गायनवर्गात बसा. तिथे तुमची जागा अजून रिकामी असेल.

तोकुजी : चल आत. पण माझ्या शेजारी बस.

ओनोदेरा : दोन वाजले. नवीन पाहुण्यांपासून सुरुवात करू. उभं राहायची गरज नाही.

तोकुजी : माझं नाव हिराई तोकुजी. बाजारात केस कापायचं दुकान आहे. इथल्या बऱ्याच माना माझ्या ओळखीच्या आहेत. येताना मनात सगळी जुळवाजुळव केली होती, काय सांगायचं, काय नाही. पण आत्ता दारात कळलं, मी माणसाचा कान कापला आणि मला त्याचा पत्ताच नाही. म्हणजे माझ्याकडची हकिकत अर्धीच असणार. बाकीची हिच्याकडे आहे. सुमिए, आधी तू बोल. मी मध्ये बोलणार नाही.

सुमिए : माझं नाव सुमिए. चार महिने मी इथे बोलते आहे. हे कधी आलेच तर यांना मान वर करून बसता यावं, म्हणून आजवर जरा कमीच सांगत आले.