मकाऊचं हवामान आणि सिताराच्या शेवया

अहो, ही काय रीत झाली? माणूस परदेशातून परत येतो, तर 'बसा, चहा घ्या' राहिलं बाजूला, आपले ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव बापूराव दारातच सांगतात, "मकसूदभाई, गुरुवारी बोलायचं. विषय मकाऊ. भूगोल, लोकसंख्या, हवामान. घरगुती काही नको, लोक झोपतात." लोक तसेही झोपतात, बापूराव! ते बघा सर्जेराव, मी तोंड उघडायच्या आधीच... असू द्या, उठवू नका. भूगोल सांगतो, भूगोलच सांगतो!

तर तुम्हाला सांगतो, मकाऊ म्हणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटलेला एवढासा तुकडा. एवढासा म्हणजे किती? आपण खडकी बाजारातून फिरायला निघालो आणि गप्पांच्या नादात जरा पुढे गेलो तर बोपोडी लागते, तिथे जरा पुढे गेलो तर सरहद्द लागते! शिपाई पासपोर्ट मागतो! जागा पुरेना म्हणून समुद्रात भराव घालून बेटाला बेट जोडलंय. आणि त्यात माणसं? सात लाखांच्या घरात! माझी लेक अलफिया राहते एकतिसाव्या मजल्यावर, जावई खालिद हॉटेलांचे एसी दुरुस्त करतो. खिडकी उघडली की समोरची बाई कढईत काय परततेय ते मला दिसतं, आणि लुंगीतला मी तिला दिसतो. रोज माना हलवायचो आम्ही. गच्चीला म्हणाल तर कायम कुलूप.

हवामान. ते जरा... सांगतो. तिथे वादळं येतात. वादळाला नंबर देतात. मोठा नंबर लागला की पूल बंद, बोटी बंद, विमानं बंद. गेल्या सप्टेंबरात आमची सितारा गेली आणि त्याच दिवशी तिकडे मोठा नंबर लागलेला! अलफिया फोनवर ओरडतेय, "अब्बा, रुको, मैं आ रही हूँ, अम्मी को मत ले जाओ!" आता आमच्यात मयत थांबवत नाहीत हो. आणि थांबवणार तरी किती, विमान उठेल तर ना? संध्याकाळच्या आत दफन केलं. पोरीला आईचं तोंड दिसलं नाही. फार वाईट वाटलं मला, अजून वाटतं... बापूराव, घड्याळ दाखवू नका, हे हवामानच चाललंय!

तर मार्चमध्ये रमजान ईदला मी तिकडे गेलो. बरोबर काय नेलं? सिताराच्या हातच्या शेवया. शेवटचा डबा. दर उन्हाळ्यात ती गच्चीवर बाजेवर वाळत घालायची, आणि ईदच्या आधी पुन्हा एकदा ऊन दाखवायची, म्हणजे छान भाजल्या जातात. अलफिया विमानतळावरच डब्याला बिलगली. म्हणाली, "अब्बा, आजच करू." मी म्हटलं, "नाही! ईदच्या नमाजनंतरच!" तत्त्व म्हणजे तत्त्व. पुण्याचं पाणी ना शेवटी!

आता मार्चमधलं मकाऊ ऐका. तिथे भिंतींना घाम येतो! फरशीला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, धुतलेली लुंगी दोरीवर जास्तच ओली होते. आणि अशा हवेत मी काय केलं? सितारा करायची तसं ऊन दाखवायला डबा उघडला, खिडकीशी चादर अंथरली आणि पसरल्या सगळ्या शेवया! ऊन नव्हतं. म्हटलं, वारा तरी लागेल. समोरची बाई कढई सोडून दोन्ही हात हलवत होती, नको, नको, नको! मला वाटलं सलाम करतेय. मीही केला. अहो, मी कोण? दारूगोळा कारखान्यातला माणूस! माल कोरडा ठेवण्यात अख्खी नोकरी गेली माझी!

ईदच्या सकाळी बघतो, तर शेवयांवर हिरवी लव.

अलफिया आली, वाकून बघितलं. आणि एकदम कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अजी, तुमको कौन बोला था? एक काम ढंग से नहीं होता!" हुबेहूब सितारा! तोच सूर, तीच मान! खालिद हसला, ती हसली, आणि हसता हसता पोरगी जी रडायला लागली... सप्टेंबरपासून रडलीच नव्हती म्हणे. माझा हात धरून विचारते, "अब्बा, अम्मी कैसे बनाती थी? मुझे सिखाओ." काय शिकवू? पीठ कसलं, किती तिंबायचं, काही माहीत नाही मला. इतकी वर्षं मी नुसती बाज गच्चीवर चढवून द्यायचो, आणि तेवढ्यावर वर्षभर शेवया मागायचो. शेवटी खालिदने दुकानातून पाकीट आणलं. चांगल्या होत्या. कुणीच जास्त खाल्ल्या नाहीत.

हो हो, बापूराव, आवरतो. भूगोल झाला, माणसं झाली. हवामानाचं एवढंच राहिलं, की परवा परत आलो तर खडकीत काय ऊन पडलंय! रणरणतं, कोरडं ठणठणीत, घाम यायच्या आत वाळतोय. सवयीने बाज गच्चीवर चढवली. चढवल्यावर लक्षात आलं, वर घालायला काही नाही. परत खाली कोण आणणार? मग मीच पडलो तिच्यावर. वाळत.