एकसष्ट नव्हे, चार

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोल गं, इथे डोक्यावर पंखा गरगरतोय… काय नाव म्हणालीस? इमो… इमोजेन. बरं. हे बघ इमोजेन, काही विकायचं असेल तर आधीच सांगते. छपरावर सोलर बसलंय, विमा उतरवलाय, आणि देव पण आहे आमच्याकडे…

पुस्तक? नको गं बाई, जुनीच कुठे ठेवायची कळत नाही… विकत नाहीयेस? मग?… तपासायचंय? काय तपासायचंय?

हो, मीच थेल्मा क्लाइन. बिन्डालातलीच. क्लाइन आता इथे दोघंच उरलोत, मी आणि माझा धाकटा भाऊ लायल… मिसेस नाही, मिस. लग्न नाही केलं… कारण कुणी बरा भेटला नाही, अजून काय? ते पण छापणार आहेस?

हं… प्रकाशकाकडून बोलतेस… हं… आत्मचरित्र. कुणाचं?… कॉलिन स्टब्स? नाही बाई, या नावाचा कुणी… थांब. थांब थांब. पंधरा वर्षांचा होता? एकोणीसशे एकोणसत्तर साली?… रॉडरिक! अगं तो रॉडरिक फेअरवेदर! म्हणजे रॉडरिक नव्हताच तो, तेच तर… जिवंत आहे का मेला? आणि पुस्तक लिहिलंय? त्याने?… नाव काय दिलंय?… "लबाडीची शाळा". बरोबर आहे. खऱ्या शाळेत किती दिवस गेला देव जाणे.

अगं, ऐक ना, मला एक सांग. प्रत्येक लेखकाचं तुम्ही असं फोन करून तपासता?… नाही? फक्त याचंच?… हा हा! म्हणजे तू हुशार आहेस पोरी. विचार, काय विचारायचं ते. चुलीवर मटण आहे, पण त्याला अजून तासभर आहे.

हो, आमच्याच घरी राहिला. सात आठवडे… नाही, आम्ही नाही बोलावलं. जानेवारीतल्या एका दुपारी बसमधून उतरला. हातात एक छोटी बॅग, उजवा हात गळ्यात बांधलेला. सरळ क्रिकेट क्लबात गेला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, मी रॉडरिक फेअरवेदर, राज्याच्या तरुण संघात सलामीला खेळतो, खांदा दुखावलाय, डॉक्टरांनी कोरड्या हवेत जाऊन राहा म्हणून सांगितलंय… आता बिन्डालाची हवा कोरडी आहे हे खरंच. दुसरं काहीच नाही इथे… हो, त्या नावाचा खेळाडू खराच होता. बाबांनी त्याच आठवड्यात पेपरात वाचलं होतं. यानेही तोच पेपर वाचला होता, एवढंच.

बाबा कप्तान होते गं. त्यांना वाटलं, स्वर्ग उतरला दारात. आईने पुढची खोली दिली. मी आईला म्हटलं, अगं, एकोणीस वर्षांचा म्हणतोय आणि मिसरूड नाही. तर म्हणे, शहरातली मुलं अशीच असतात, दूध पॅकबंद पितात ना!

खायचा म्हणजे… अगं काही विचारू नकोस. सकाळी चार अंडी, दुपारी गार मटण, बिटाची सँडविचेस, आणि लॅमिंग्टन केक तर ताटातून उचलायचा आधी आणि "घेऊ का" विचारायचा नंतर. सगळं डाव्या हाताने. उजवा खांदा दुखतोय ना! आता त्याच खांद्यामुळे त्याला नेटमध्ये बॅट धरावी लागायची नाही. कळली का तुला गंमत? खुर्ची टाकून बसायचा आणि सगळ्यांना शिकवायचा… काय शिकवणार? "चेंडूकडे बघू नका, तो कुठे जाणारे तिकडे बघा." असलं काहीतरी. पण आमची मोठमोठी माणसं, गव्हाची पोती पाठीवर वाहणारी, माना डोलवायची.

आणि खरं सांगू? तीन सामने लागोपाठ जिंकलो. चौदा वर्षांत जे झालं नाही ते झालं. बिन्डाला अंतिम सामन्यात! समोर मर्टन… हो, ते पलीकडचं गाव. त्यांच्याबद्दल मला बोलायला लावू नकोस.

हं, वाच. त्याने काय लिहिलंय ते वाच… हं… "गावाच्या आग्रहाखातर मी पॅड बांधले"… हे खरं. बाबा म्हणाले खांदा गेला खड्ड्यात, तू सलामीला जायचंस. तोंड असं पडलं होतं त्याचं… हं… पुढे?… किती?

किती म्हणालीस?

एकसष्ट? इमोजेन, परत वाच. सहा आणि एक?… "त्यांतला एक षटकार नदीपार"… नदी? कुठली नदी? अगं, बिन्डालाला नदी आहे ती नकाशावर! मी शाळेत असताना एकदा तिला पाणी आलं, तर लोक जेवणाचे डबे घेऊन बघायला गेले होते!

थांब, फोन ठेवू नकोस. वही आणते… हो, तेव्हाची. मीच तर लिहायचे धावा. बावीस वर्षं लिहिल्या. कपाटातच आहे, थांब…

… हां. आहेस ना? हे बघ. आठ मार्च एकोणसत्तर. आर. फेअरवेदर. चार… चार गं, चार! तीननंतर येतात ते! सहा चेंडू टिकला. पहिलाच चेंडू पायावर, स्टंपांच्या बरोब्बर समोर. अंपायर आमचे पोस्टमास्तर. ते म्हणाले, नाबाद. राज्याचा खेळाडू पायचीत कसा होईल? दुसऱ्या चेंडूला त्रिफळा उडाला. पोस्टमास्तरांनी जरा विचार केला, आणि स्टंप पडल्यावर ओरडले, "नो-बॉल!" मर्टनवाले अंगावरच आले त्यांच्या. तिसऱ्याला याने पाठ फिरवली, चेंडू बसला ढुंगणावर आणि गेला यष्टिरक्षकाच्या मागे. दोन पळाले. मग एक बॅटची कड लागून दोन. मग एक हुकला. मग मधला स्टंप असा उडून पडला की पोस्टमास्तरांना सुद्धा काही सुचेना.

हो, बरोबर पकडलंस. ढुंगणाच्या दोन धावा त्याच्या नसतात. लेगबाय लिहायच्या असतात… लिहिल्या मी त्याच्या नावावर. काय करू? पांढराफटक पडून परत येत होता गं पोरगा. म्हटलं, जाऊ दे, दोनांनी काय होतंय… पन्नास वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही हं. तू छापू नकोस… बरं, छाप. पोस्टमास्तर गेले, बाबा गेले. छाप.

पुढे? "सामना संपल्यावर त्यांनी मला खांद्यावर उचललं." हो, उचललं! ते अगदी खरं. कुठे नेलं ते लिहिलंय का?… नाही? मग मी सांगते. सामना हरलो आम्ही. मर्टनची शेवटची जोडी, तीन धावा हव्या, चेंडू उंच उडाला आणि हा खाली उभा. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले. चेंडू पडला शेजारी, आणि त्यांनी तीन धावा पळून काढल्या. मग चहाच्या टेबलावर मर्टनचा गोलंदाज केक खात खात म्हणतो कसा, "मी खऱ्या रॉडरिकबरोबर दोन वर्षं खेळलोय. सहा फूट उंच आहे तो, आणि डावखुरा." बाबा म्हणाले, मग सकाळी का नाही बोललास? म्हणाला, "फुकटची विकेट मिळत होती, कशाला बोलू?"

तेव्हा उचलला त्याला खांद्यावर. आणि नेला मेंढ्या धुवायच्या हौदाकडे. दोनदा बुडवला… नाही गं, मरतोय कशाला. पण मेंढ्या त्या सकाळीच धुऊन झाल्या होत्या, तेव्हा पाणी कसं असेल ते तूच बघ.

हसतेस काय… हो, आता मलाही हसू येतं. तेव्हा नाही आलं. मी आणि लायलने बाहेर काढला त्याला. धुण्याच्या खोलीत नेऊन आईच्या साबणाने डोकं धुतलं. तेव्हा रडत म्हणाला, मी पंधरा वर्षांचा आहे, अनाथ मुलांच्या संस्थेतून पळालोय, तिथे परत पाठवू नका…

इमोजेन, लायलबद्दल काय लिहिलंय त्याने?… लायल. माझा भाऊ… बघ नीट. एल. क्लाइन असं असेल… कुठेच नाही? सगळ्या पुस्तकात?

… नाही, आहे मी. वही मिटून ठेवत होते.

मग तो बिन्डालातून गेला कसा, ते काय लिहिलंय?… "रात्रभर चाळीस मैल एकटा चालत गेलो"… असं.

थांब. तिथे खोकलं कोण?… तुझ्या बाजूला. पुरुष खोकला कुणीतरी… अगं खरं सांग. फोन स्पीकरवर आहे ना? तो तिथेच बसलाय ना? मघापासून ऐकतोय?… तुझी चूक नाही बाळ, तू कशाला माफी मागतेस. दे त्याला. दे म्हणते ना!

… बोल.

बोल की. सगळ्या गावाला सात आठवडे भाषणं दिलीस, आता जीभ कुठे गेली?… हो, थेल्माच. आवाज म्हातारा झाला, बाकी तीच आहे… किती वर्षांचा झालास?… पासष्ट. केस आहेत?… नाहीत? बरं झालं. आमच्या लायलला पण नाहीत.

एकसष्टचं राहू दे रे. लोक हसतील, पैसे देऊन हसतात तर हसू देत. नदीसुद्धा ठेव. पण चाळीस मैल चाललास? तू? तुझ्या पायात चपला तरी होत्या का? पहाटे उजाडताना लायलने ट्रक काढला आणि सत्तर मैलांवरच्या स्टेशनपर्यंत सोडलं तुला. बाबांना न विचारता. आणि अंगात काय होतं तुझ्या, सांग?… सांग ना.

हो. त्याचे पांढरे कपडे. अंतिम सामन्यासाठी आईने खळ घालून इस्त्री केलेले. घातलेच नव्हते त्याने. कारण तू खेळणार म्हणून बाबांनी कुणाला वगळलं? स्वतःच्या मुलाला. नऊ वर्षं खेळत होता तो या संघात. आणि त्या दिवशी काय केलं त्याने? धावफलकावर आकड्यांचे पत्रे अडकवले. तुझे चारसुद्धा त्यानेच अडकवले. त्यानंतर बिन्डाला परत कधी अंतिम सामन्यात गेलं नाही, कॉलिन. आजपर्यंत नाही.

माझी कसली माफी मागतोस? माझं काय गेलं? दोन लेगबाय?

… हं… हं… काय म्हणालास? परत सांग, पंख्यात ऐकू नाही आलं.

… लिहिलं होतंस? मग कुठे गेलं?… फाडलंस. किती वेळा?… नऊ.

… मला कळतंय रे. बाकी सगळ्याचा विनोद होतो, याचा होत नाही. मग नको करूस विनोद. कुणी सांगितलंय प्रत्येक पानावर हसवायला? ते एक पान साधं लिही. तो ट्रक चालवत होता, तू शेजारी बसला होतास. काय बोललात, ते मला आजही माहीत नाही. तो सांगत नाही, तू तरी सांग लोकांना…

काहीच नाही बोललात? सत्तर मैल?… मग तेच लिही.

रागावलाय का? ते मी कसं सांगू? पन्नास वर्षांत त्याने त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. तो तसाही माणसांपेक्षा कोंबड्यांशी जास्त बोलतो… नाही, मी नाही विचारणार. तूच विचार. मागच्या दारानेच येतोय तो… घाबरतोस कशाला? आमच्याकडे आता मेंढ्या नाहीत.

लायल! ए लायल, पाय पूस आधी! फोन आहे तुझा… मला काय विचारतोस, कानाला लाव आणि ऐक… अंडी दे माझ्याकडे. कॉलिन, मोठ्याने बोल हं, डाव्या कानाने ऐकू येत नाही त्याला. घे रे. मी मटण बघते…

हॅलो… हो, लायल… कोण?… जरा मोठ्याने… कॉलिन कोण?… हां.

हां. आठवतं की.

… हो… हो… नाही, तसं काही नाही… कपडे? अरे ते काय, आईने दुसरे शिवले… हं… हो, वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पुष्कळ वाटलं होतं. दोनेक वर्षं वाटलं.

… बरं, बरं. रडू नकोस रे. शेजारी कुणी आहे का?… पोरगी? मग तिला काय वाटेल.

ऐक. तू सध्या असतोस कुठे?… म्हणजे चार तासांचं गाडीचं अंतर. शनिवारी काही काम आहे?… नाही, माफीबिफीसाठी नाही, सत्तरीच्या पुढच्यांचा सामना आहे मर्टनशी. आमचा एक जण गुडघ्याचं ऑपरेशन करून पडलाय. दहाच जण आहोत… पासष्ट चालतं. मर्टनवाले वय विचारत नाहीत, त्यांचा एकजण बावन्नचा आहे.

… काय?… खेळता येत नाही? अरे, ते मी स्वतः बघितलंय!… तसं आता आमच्यातही कुणाला येत नाही… हो. एक वाजता. जेवून येऊ नकोस, थेल्मा करते काहीतरी… चल, ठेवतो. कोंबड्यांचं दार उघडं राहिलंय.