बोर्डाखालची फट

—दाबतो, हे बघा. ऐकलंत? कॉम्प्युटरचा पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. परत दाबू? परत तेच होणार. नको? बरं, नाही दाबत. काल संध्याकाळपासून हेच चाललंय — अर्धा फेरा, की गप्प. पडद्यावर काही नाही, आवाज नाही, जळका वास नाही. पार मेलं असतं तर माणूस नाद सोडतो हो, पण हे डोळा किलकिला करतं आणि मिटतं, त्याने जीव टांगणीला लागतो. बसा ना तुम्ही. ती खुर्ची नको, ती मास्तरच्या मापाची आहे, तुमचे गुडघे टेबलाला आपटतील. मास्तर म्हणजे माझी मुलगी. लहानपणी माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात येऊन बसायची, आणि मी फळीवर पेन्सिलीने खूण केली की मागून म्हणायची, बाबा, परत मोजा. तेव्हापासून मास्तर. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा तिचंच बरोबर निघायचं.

हे सगळं तिने एकटीने जोडलंय. भाग वेगवेगळे मागवले, माझ्याकडून हे टेबल रिकामं करून घेतलं, माझ्या पटाश्या-कानशी बाहेर काढल्या — म्हणाली, बाबा, इथे भुसा उडता कामा नये. कुठलाही भाग हातात घ्यायच्या आधी खिडकीच्या गजाला बोट लावायची, अंगातली वीज उतरते म्हणे. मी हसलो. तिच्या आईने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. तयार का नाही घेतलं? मीही तेच विचारलं. तर म्हणाली, आत काय आहे ते मला माहीत असायला हवं. आता यावर मी काय बोलणार — मीच जन्मभर बाजारच्या कपाटांना नावं ठेवली, आत काय कोंबलंय देव जाणे म्हणून. खेळायला नाही हो, कामासाठी. घरातल्या फर्निचरची चित्रं काढते ती, म्हणजे कपाट बनायच्या आधीच तुम्ही त्याचं दार उघडून आत बघू शकता अशी. शोरूमवाल्या बाईंनी पहिलंच मोठं काम दिलंय, अख्ख्या घराचं. उद्या सकाळी दाखवायचंय. जुना लॅपटॉप एक खोली फिरवायची म्हटली की धापा टाकतो. म्हणून हे केलं, आणि हे असं रुसून बसलं.

ती? ती गेलीय शोरूमला. नाही, काम दाखवायला नाही — काम परत करायला. मला जमणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं सांगायला. फोनवर नाही सांगणार, तोंडावर जाऊन सांगणार, तो स्वभाव माझा. आईला बरोबर घेऊन गेलीय. दोघी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी खिडकीत उभा राहिलो आणि मग तुमच्या दुकानात फोन लावला. दोन बस बदलाव्या लागतात, अजून पोचली नसेल. म्हणून तर मी मघापासून घाई करतोय, माझा स्वभाव नाही घाईचा. ती तिथे तोंड उघडायच्या आत काय ते कळलं पाहिजे. एकदा ती नाही म्हणाली की परत हो म्हणायला जाणार नाही. तोही स्वभाव माझाच.

चहा टाकू? नको. बरं. काय काढताय ते? हां, रॅम. ती तिने काढून घालून, काढून घालून दहा वेळा बघितलीय. वायरी सगळ्या काढून परत लावल्या. काल जेवायच्या ताटावर बसली होती तशीच उठली आणि परत एक वायर काढून बघितली. शेवटी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला — आपटला नाही, ठेवला — आणि मला म्हणाली, बाबा, तो म्हणायचा ते खोटं नव्हतं, माझ्या हाताला यशच नाही. तो म्हणजे तिचा नवरा. होता तेव्हाचा. आता काही संबंध नाही, ती लग्न मोडून आली. मारहाण वगैरे काही नाही हो, तसलं काही केलं असतं तर मी — जाऊ दे. तो नुसतं बोलायचा. भाजी केली, तुझ्या हाताला यश नाही. झाड लावलं, ते सुकलं, तुझ्या हाताला यश नाही. हसत हसत म्हणायचा, चारचौघांत. इथे आली तेव्हा ही पोरगी चहाचा कप विसळायचा तरी मला विचारायची, बाबा, असं चालेल का. माझी मास्तर, जी मला परत मोजा म्हणायची. हे मशीन जोडायला घेतलं तेव्हा कुठे ती परत गुणगुणायला लागली होती.

काय बघताय एवढं मागच्या बाजूला? तिथे काही नाही, तिथे नुसत्या वायरी लावायच्या जागा आहेत. हो, पडद्याची वायर जरा तिरकी जाते, तिलाही कळेना का ते. पत्र्याची भोकं आणि बोर्डावरच्या जागा जुळत नाहीत थोडी. थोडीच. कारखान्यात बनवताना चुकलं असणार, पत्र्याचं काम हल्ली कोण नीट करतं. तुम्ही पॉवर सप्लाय बघा ना, मला वाटतं तिथेच खोट आहे. नाही, तुमचं काम तुम्हाला शिकवत नाही मी, मला कुणी माझं शिकवलेलं चालत नाही. बघा, बघा तुम्हाला काय बघायचंय ते.

कुणी हात लावला होता का? कुणीच नाही. तिनेही विचारलं काल — बाबा, मी वायर आणायला बाहेर गेले होते तेव्हा तुम्ही हात लावला होता का? मी म्हटलं, छे, मला काय कळतंय त्यातलं. आणि कळत नाहीच. मी फक्त बघितलं. उघडंच पडलं होतं टेबलावर, तिने तो मोठा मदरबोर्ड बसवून ठेवला होता, आणि मी नुसतं वाकून — आता तुम्हीच सांगा, कुणीही माणूस वाकून बघणारच की. तर बोर्ड आणि खालचा पत्रा यांच्यामध्ये ही एवढी फट. बोट घातलं तर टोक आत जाईल. बोर्ड नुसता बारक्या पायांवर उभा. म्हटलं, हे काय. हालचाल झाली तर तडकेल. माझा जन्म गेला हो फटी बुजवण्यात. माझ्या गुरूने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, सांध्यात कागद गेला तर तो सांधा नाही. आमच्या घरात एक ड्रॉवर वाजत नाही, एक दार घासत नाही. फट दिसली की मला अन्न गोड लागत नाही, हे मास्तरच्या आईला विचारा. आणि पोरगी काही विचारायला इथे नाही, आणि ती आल्यावर मी चूक दाखवली तर तिचं तोंड एवढंसं होणार — ते मला बघवत नाही. म्हटलं, न बोलता नीट करून टाकू. कळणार पण नाही. मी नेहमी तसंच करतो, तिने खिळा वाकडा मारला की ती गेल्यावर सरळ करतो.

काय? पितळी? पितळी नट... हे? हे घ्या. सगळे आहेत. खिशातच होते.

बघू नका असे. मला माहीत नव्हतं. बोर्डाच्या मागच्या बाजूची टोकं पत्र्याला टेकतात आणि वीज भलतीकडे जाते, हे मला आत्ता तुम्ही सांगताय तेव्हा कळतंय. लाकडातून वीज जात नाही हो, माझ्या डोक्यात कुठून येणार. मी ते खालचे पाय, म्हणजे हेच नट, काढले, बोर्ड पत्र्यावर सपाट बसवला, मागे थोडं अडलं ते दाबून घेतलं, आणि तिचेच स्क्रू घट्ट आवळले. छान बसला. हात फिरवून बघितला मी. पण संध्याकाळी तिने ते बटण दाबलं आणि पंखा थांबला ना, तेव्हा खिशातले हे नट मला टोचले. मास्तरने विचारलं तेव्हाही टोचत होते. आणि मी छे म्हटलं. आज सकाळी सदरा बदलला तेव्हा जुन्या खिशातून काढून नव्या खिशात टाकले, का टाकले ते विचारू नका. फेकवले नाहीत.

जळलं असेल का? खरं सांगा. मला धीर देऊ नका, नुसतं सांगा. लावून बघितल्याशिवाय कळणार नाही. बरं. लावा. मी धरू का पत्रा? नाही, नाही लावत हात. हात मागे बांधून उभा राहतो, हे बघा. एक विनंती आहे पण. मशीन चालू झालं, तर तिला तुम्ही सांगा की एक भाग खराब निघाला होता. कुठला तरी सांगा, तुम्हाला नावं माहीत आहेत. तुमच्या तोंडून तिला पटेल. भाग कंपनीतूनच खराब आला होता म्हटलं की तिच्या हातावर काही येत नाही, आणि माझ्यावरही — काय हरकत आहे? कुणाचं काय जातंय त्यात? तुम्ही स्क्रू ड्रायव्हर उचललात. बरं, आधी लावा. अहो, हळू. नाही, तुम्हाला नाही म्हणत. मला म्हणतोय.

झालं? आणि परत तीच फट. दिसतेय मला. बघवत नाही, पण दिसतेय. दाबा तुम्ही, माझ्याच्याने होणार नाही. दाबा.

थांबला? नाही. फिरतोय. अजून फिरतोय. पडद्यावर — ती अक्षरं चांगली ना? चूक नाही ना काही लिहिलेली? चांगली. बरं. बसतो जरा. नाही, पाणी नको. फोन कुठे ठेवला मी, तो द्या तिथला. लागला, वाजतोय. हा घ्या, तुम्ही बोला. एवढंच म्हणा की भाग खराब होता. घ्या ना. अहो, हात का मागे घेताय? उचलला तिने, घ्या—

हॅलो. हां, मास्तर. मी. कुठे पोचलीस? आत गेली नाहीस ना अजून? मग जाऊ नकोस. दारातच थांब. चालू झालं. हो, खरंच, समोर चालतंय, आईला सांग. दुकानातले आलेत, मीच बोलावलं. काय झालं होतं? काय झालं होतं म्हणजे... भाग... नाही. मास्तर, ऐक. बोर्ड तू बरोबर बसवला होतास. खालची ती फट हवी होती तिथे. तू ठेवली होतीस. मी काढली.

हॅलो?

नाही, फोन ठेवलेला नाही तिने. आहे ती, श्वास ऐकू येतोय. तुम्ही निघा आता. दार नुसतं ओढून घ्या, ते आपोआप बसतं.